पुणे ग्रँड टूर: पिवळी जर्सी कोणाच्या अंगावर?

येत्या सोमवारी, 19 जानेवारीला पुण्यात सायकलची अशी शर्यत सुरू होतेय, जशी आपल्या देशात आधी झालेली नाही. नाव बजाज पुणे ग्रँड टूर. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना, म्हणजे यूसीआय, हिच्या 2.2 दर्जाची भारतातली ही पहिली बहुटप्प्यांची रोड रेस. पाच दिवस, सुमारे 437 किलोमीटर, 29 संघ आणि 35 देशांतले 171 सायकलपटू. शुक्रवारी 23 तारखेला बालेवाडीच्या टप्प्यानंतर ज्याच्या अंगावर पिवळी जर्सी राहील, तो विजेता.

नगरपालिका, महानगरपालिका, आता जिल्हा परिषद, या निवडणुकांच्या धामधुमीत ही बातमी आपल्या घरांत फारशी पोहोचलेली नाही. आमच्या जयसिंगपुरात तर नाहीच. पण नववीच्या वर्गात एका पोराने विचारलं, "सर, पोगाचार येणार का पुण्याला?" पोरगं मोबाइलवर टूर डी फ्रान्सच्या क्लिपा बघतं. त्याला तेव्हा थोडक्यात "नाही" म्हणालो, पण ते का नाही, आणि मग येणार कोण, जिंकणार कोण, हे नीट सांगायला हवं असं वाटलं.

आधी 2.2 म्हणजे काय ते बघू. पहिला 2 म्हणजे शर्यत एका दिवसाची नाही, टप्प्यांची आहे. दुसरा 2 म्हणजे दर्जा. टूर डी फ्रान्स खेळणारे जे सगळ्यात वरचे संघ असतात, त्यांना वर्ल्ड टीम म्हणतात, आणि 2.2 च्या शर्यतीत त्यांना उतरताच येत नाही. नियमच तसा आहे. शिवाय त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियात ॲडलेडला टूर डाउन अंडर आहे, मोठे संघ तिकडे असतात. महिनाअखेरीला सौदी अरेबियात अल-उला टूर आहे, तिकडेही काही जातील. पुण्यात येतात ते दुसऱ्या-तिसऱ्या फळीचे व्यावसायिक संघ आणि देशांचे राष्ट्रीय संघ. फरक गुणांतही दिसतो. टूर डी फ्रान्स जिंकणाऱ्याला यूसीआयचे 1300 गुण मिळतात, पुण्यात जिंकणाऱ्याला 40. पण ज्यांच्या खात्यात काहीच नाही त्यांना हे 40 गुण फार मोठे, कारण अशाच गुणांवर देशाचं रँकिंग ठरतं आणि रँकिंगवर ऑलिम्पिकचा कोटा. भारताचा सायकलपटू ऑलिम्पिकमध्ये शेवटचा दिसला तो 1964 च्या टोकियोत. आपल्या वाचकांपैकी अनेकांचे अब्बा तेव्हा शाळेतही गेले नव्हते.

आता मुद्द्यावर येतो. जिंकणार कोण?

अशा शर्यतीत आपल्याकडे सगळ्यांचा पहिला अंदाज चुकतो. घाट म्हटलं की आपण म्हणतो, जो घाट चढेल तो जिंकेल. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि ते आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण पुण्याचा मार्ग बघा. सोमवारी शहरात साडेसात किलोमीटरची प्रोलॉग, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचं. मंगळवारी मुळशी–मावळ. बुधवारी मराठा हेरिटेज सर्किट या नावाचा टप्पा. गुरुवारी पुरंदरकडून बारामतीकडे, हा सगळ्यात लांब. शुक्रवारी पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवडच्या भागातला शेवटचा. यात चढ आहेत, दमछाक करणारे आहेत, पण आल्प्ससारखा वीस किलोमीटरचा डोंगर कुठेच नाही, आणि डोंगराच्या माथ्यावर टप्पा संपत नाही. घाट चढून झाल्यावर पुढे सपाटी लागते, आणि सपाटीवर मागे पडलेले पुन्हा जोडले जातात. कारण दुसऱ्याच्या मागे सायकल चालवताना वारा कापावा लागत नाही आणि ताकद बरीच वाचते, मोठ्या घोळक्यात तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. चढावर तीस सेकंद कमावलेला एकटा पुढे पळतो आणि मागे चाळीस जण पाळीपाळीने वारा कापत येतात. चाळिसांना तो एकटा किती वेळ पुरणार?

म्हणून ही शर्यत मिनिटांत नाही, सेकंदांत सुटेल. इथे थोडं गणित करू, माफ करा, मास्तरची खोड आहे. प्रोलॉग साडेसात किलोमीटरची. ताशी 54 किलोमीटरने गेलं तर 8 मिनिटं 20 सेकंद लागतात. ताशी 52 ने गेलं तर 8 मिनिटं 39 सेकंद. म्हणजे चांगला आणि बरा यांच्यात 19 सेकंदांचा फरक. आता दुसरी बाजू. यूसीआयच्या पद्धतीत टप्पा जिंकणाऱ्याच्या एकूण वेळेतून 10 सेकंद वजा होतात, दुसऱ्याचे 6, तिसऱ्याचे 4. वाटेतल्या स्प्रिंटला 3, 2, 1. म्हणजे ज्याने दोन टप्पे जिंकले त्याने 20 सेकंद कमावले, प्रोलॉगमधला तोटा भरून निघाला. घोळक्यात एकत्र आलेल्या सगळ्यांना एकच वेळ मिळते, त्यामुळे बोनस हाच खरा फरक. थोडक्यात, पुण्याला हवा तो माणूस असा: प्रोलॉगमध्ये फार मागे न पडणारा, मध्यम घाटावर न तुटणारा, आणि शेवटच्या दोनशे मीटरला जोर असलेला. निव्वळ घाटवाला नाही आणि निव्वळ स्प्रिंटरही नाही.

या मापाने तीन संघ समोर ठेवतो.

कागदावर सगळ्यात मोठं नाव स्पेनच्या बुर्गोस बुर्पेलेट बीएच संघाचं. हा प्रोटीम दर्जाचा संघ, म्हणजे वर्ल्ड टीमच्या लगेच खालचा. स्पेनची तीन आठवड्यांची व्हुएल्टा हा संघ अनेकदा खेळलाय. अशा संघाकडे खेळाडूंपेक्षाही मोठी गोष्ट असते, शिस्त. कधी पुढे जायचं, कोणाला जाऊ द्यायचं, कोणाला परत ओढून आणायचं, हे त्यांना झोपेतही कळतं. सहा जणांच्या संघात शिस्त असली की ते घोळक्याला नाचवतात. तरी मी त्यांना पहिला क्रमांक देत नाही. कारण जानेवारी. युरोपात हा थंडीचा महिना, त्यांचा हंगाम आता कुठे सुरू होतोय. पाय अजून तापलेले नसतात. अशा वेळी युरोपचे संघ आशियात सराव म्हणूनही येतात. टप्पा जिंकतील, पण पाच दिवस जीव काढतील का, याची मला शंका आहे. बेल्जियमच्या तार्तेलेत्तो-इसोरेक्सला हेच लागू. वारा आणि खराब रस्ते यांची बेल्जियनांना लहानपणापासून सवय, त्यामुळे बारामतीच्या बाजूला उघड्या माळावर वारा सुटला तर ते धोकादायक ठरतील, एवढं नोंदवून ठेवतो.

याच्या उलट दक्षिण गोलार्धातले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आता भर उन्हाळा, तिथले खेळाडू सध्या ऐन भरात. आणि ते पुण्यात येतायत आशियाई संघांकडून. चीनचा ली निंग स्टार हा तसा संघ. त्यांच्याकडे न्यूझीलंडचा लूक मडग्वे आहे, आणि माझी पहिली पसंती त्यालाच. शेवटाला वेगवान, पण फक्त सपाटीवरचा नाही. आशियातल्या शर्यतींचा चांगला अनुभव आहे. वर जे माप सांगितलं, त्यात तो सगळ्यात जवळ बसतो. दोन टप्पे जिंकले आणि प्रोलॉगला सांभाळून घेतलं तर त्याला हटवणं बाकीच्यांना जड जाईल. अडचण एकच, पिवळी जर्सी लवकर अंगावर आली तर ती चार दिवस राखायला संघाला रोज पुढे राबावं लागतं, आणि सहा जणांत एक जरी पडला किंवा आजारी झाला तर पाच उरतात.

तिसरा संघ तेरेंगानू. इथे डोक्याबरोबर दिलही बोलतंय, हे कबूल करतो. तेरेंगानू हे मलेशियाचं पूर्व किनाऱ्यावरचं राज्य, बहुसंख्य वस्ती मुस्लिम, शुक्रवारी सुट्टी असणारं. त्या राज्याच्या पाठिंब्यावर हा संघ वर्षानुवर्षं उभा आहे. आपल्याकडे कल्पना करा, एखाद्या जिल्ह्याने ठरवलं की आमचा सायकलचा संघ जगभर खेळेल! याच राज्यातल्या डुंगुन गावचा अझीझुलहसनी अवांग. उंची कमी, म्हणून लोक त्याला ‘पॉकेट रॉकेटमॅन’ म्हणायचे. तो रोडवरचा नाही, ट्रॅकवरचा सायकलपटू. 2011 मध्ये मँचेस्टरला पडला आणि लाकडी ट्रॅकचा वीतभर फाटा त्याच्या पोटरीतून आरपार गेला. तसाच उठला आणि शर्यत पूर्ण केली. 2016 ला रिओत ब्राँझ, 2017 ला जगज्जेता, टोकियोत रौप्य. असा एक माणूस निघाला की गावातल्या पोरांना सायकल म्हणजे फक्त शाळेला जायचं साधन वाटत नाही. पुण्यात या संघाकडे ऑस्ट्रेलियाचा फर्गस ब्राउनिंग आहे, घड्याळाविरुद्ध चांगला. सोमवारची प्रोलॉग तेरेंगानूने घेतली तर मला नवल वाटणार नाही. पण नंतरचे चार दिवस ती आघाडी टिकवणं वेगळी गोष्ट.

ता. क. म्हणून एक. पोगाचारच्या जर्सीवर ‘यूएई एमिरेट्स’ लिहिलेलं असतं. 2020, 2021, 2024 आणि 2025 अशा चार वेळा त्याने टूर डी फ्रान्स जिंकली ती अमिरातीच्या नावाने. बहरीनचाही एक मोठा संघ आहे. आपल्याकडे काही जण ते बघून खूश होतात. पण सायकलवर बसलेला स्लोव्हेनियाचा, मागे राबणारे बहुतेक युरोपचे. अमिरातीचा यूसुफ मिर्झा काही वर्षं त्या संघात होता, बस. पैशाने जर्सी विकत मिळते. तेरेंगानूसारखं गावातून खेळाडू काढायला मात्र वर्षं लागतात, आणि मला त्यातच जास्त रस आहे.

आता आपले लोक. भारताच्या संघात नवीन जॉन आणि हर्षवीर सिंग सेखों ही अनुभवी नावं आहेत. नवीन जॉन टाइम ट्रायलमध्ये अनेकदा राष्ट्रीय विजेता झालाय, हर्षवीर आधी स्केटिंगमधला. पिवळी जर्सी त्यांच्यापैकी कोणी घेईल असं म्हणणं म्हणजे वाचकांना फसवणं. आपल्या खेळाडूंना वर्षाकाठी या दर्जाच्या शर्यतीच मिळत नाहीत. दीडशे सायकली हँडलला हँडल लावून ताशी पन्नासने चालल्या आहेत, त्यात जागा कशी धरायची, वळणावर ब्रेक कधी सोडायचा, हे वर्गात शिकवता येत नाही. प्रोलॉगमध्ये एकटाच धावायचं असतं, तिथे नवीन जॉनची वेळ बघण्यासारखी असेल. बाकी दिवस आपल्याला एकच रस्ता, सुरुवातीलाच पळून जायचं.

याला शर्यतीच्या भाषेत ब्रेकअवे म्हणतात. आणि यावरून एक जुना किस्सा, जो आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवा. 1950 ची टूर डी फ्रान्स. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात. उत्तर आफ्रिकेचा एक छोटासा संघ उतरला होता, त्यात अब्देलकादर झाफ आणि मार्सेल मोलिनेस. जुलैचा कडक उन्हाळा, पेर्पिन्यॉ ते नीम हा टप्पा. उन्हाला कंटाळून मोठे मोठे खेळाडू मागे रेंगाळले, आणि हे दोघे पळाले. बघता बघता बरीच मिनिटं पुढे गेले. मग झाफला ऊन लागलं. तो डळमळायला लागला, पडला, लोकांनी त्याला झाडाखाली बसवलं. शुद्धीवर आल्यावर तो सायकलवर चढला आणि उलट्या दिशेने निघाला. टप्पा मोलिनेसने जिंकला. पण वर्तमानपत्रांनी लिहिलं काय? की झाफ दारू पिऊन पडला. लोकांनी वाटेत दिलेल्या बाटलीत वाइन होती म्हणे. झाफ मुसलमान होता, तो आयुष्यभर सांगत राहिला की मी प्यालो नाही, द्राक्षाच्या मळ्यातल्या लोकांनी मला शुद्धीवर आणताना अंगावर वाइन शिंपडली, तिचा वास होता. पण ‘दारुडा अरब’ ही गोष्टच लोकांना आवडली. पुढच्या वर्षी तो शर्यतीत शेवटचा आला, तरी टाळ्या त्याला भरपूर मिळाल्या. माणूस लक्षात राहिला तो न केलेल्या गोष्टीसाठी. पण खेळाच्या दृष्टीने बघितलं तर धडा दुसरा आहे: ज्यांना कोणी मोजत नाही त्यांना घोळका जाऊ देतो. गुरुवारचा पुरंदर–बारामती टप्पा लांब आहे, बुधवारच्या चढांनी सगळे थकलेले असतील, आणि मोठ्या संघांना भारतीयांची भीती नाही. त्या दिवशी आपल्या दोघांनी सकाळीच पळ काढला तर निदान दोन-तीन तास टीव्हीवर, मोबाइलवर भारताची जर्सी पुढे दिसेल. वाटेतल्या स्प्रिंटचे काही सेकंद मिळतील. मी तरी गुरुवारी तेच बघणार.

एक गोष्ट आणखी बघायला सांगतो, आणि ती शर्यतीत पुढे नाही, मागे असते. प्रत्येक संघाच्या मागे एक गाडी चालते, टपावर जादा सायकली आणि चाकं लावलेली. आत मेकॅनिक बसलेला असतो. चाक पंक्चर झालं की तो उतरतो, पंधरा सेकंदांत चाक बदलतो, ढकलून देतो आणि परत गाडीत. त्याने पाच सेकंद जास्त घेतले तर वर सांगितलेल्या हिशोबात अर्ध्या टप्प्याचा बोनस गेला. रात्री तोच माणूस सहा सायकली धुतो, चेन तपासतो, गिअर बसवतो, टायरची हवा दुसऱ्या दिवसाच्या रस्त्याप्रमाणे ठरवतो. यावर युरोपात माणसं आयुष्यभराची नोकरी करतात, आणि खेळाडू त्यांना मान देतात.

हे मुद्दाम लिहितोय. गेल्या एप्रिलमध्ये हिसारच्या सभेत पंतप्रधान म्हणाले होते की वक्फच्या मालमत्तेचा नीट वापर झाला असता तर मुसलमान तरुणांना सायकलचं पंक्चर काढत आयुष्य घालवावं लागलं नसतं. वक्फचा वाद इथे काढत नाही, त्यावर या संकेतस्थळावर भरपूर लिहून झालंय. पण ‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्या पोरांना शाळेच्या मैदानातही ऐकावा लागतो, हे मी रोज बघतो. आणि वाईट याचं वाटतं की आपलीच पोरं त्या दुकानात बसलेल्या स्वतःच्या चाचाकडे बघून लाजायला लागलीत. चाकाची तार ओढून, डोळा लावून, बिनमशिनीचं चाक सरळ करणारा माणूस कारागीर असतो. पुण्यातल्या त्या गाड्यांत बसलेले तेच करतात. फरक शिक्षणाचा, हत्यारांचा आणि पगाराचा आहे. तो फरक भरून काढता येतो. आयटीआय झालेल्या पोराला गिअरच्या सायकलीचं काम शिकवणारं कोणी कोल्हापूर-सांगलीत मिळालं तर इथे गिऱ्हाईक कमी नाही, रविवारी सकाळी महामार्गावर हेल्मेट घातलेल्यांची रांग बघा.

बाकी खेळणाऱ्यांचं विचाराल तर अडचण पैशाची आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. शाळेच्या सायकलीला सहा-सात हजार लागतात. शर्यतीची बरी सायकल लाखाच्या पुढे, आणि वरच्या दर्जाची दहा लाखांच्याही वर. माझा एक विद्यार्थी होता, उदगावकडून यायचा, सकाळी दूध घालून मग शाळेत. साध्या सायकलवर तो गिअरवाल्यांना मागे टाकायचा. एका शर्यतीला नाव द्यायला गेला तर सांगितलं, ही सायकल चालणार नाही. नियम असेल, मी भांडलो नाही. पण त्याला दुसरी सायकल कुणी दिली नाही, मीही नाही. आणि दुसरीकडे आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळे हिने खेलो इंडियात सुवर्णपदकं आणली. म्हणजे आपल्या भागात पाय आहेत. शाहू महाराजांनी वसवलेल्या जयसिंगपूरचे रस्ते तर पट्टीने आखल्यासारखे सरळ, आजूबाजूला उसाची सपाटी. सरावाला याहून बरी जागा कुठली?

पुण्यात शर्यतीसाठी शेकडो किलोमीटर रस्ते नव्याने केलेत. तिथले लोक आता म्हणतायत, सायकलवाले परदेशी आले म्हणून का होईना, खड्डे बुजले. आणि पाच दिवस रस्ते बंद राहतील म्हणून वैतागलेतही. दोन्ही बरोबर. पुण्यात नातेवाईक असतील आणि त्या आठवड्यात जायचं असेल तर निघण्याआधी वाहतुकीची माहिती घ्या. शुक्रवारी शेवटचा टप्पा शहरातून आहे, जुम्म्याला जाणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि पोरांना घेऊन रस्त्याकडेला उभं राहायचं असेल तर दोरीच्या अलीकडे थांबा, मोबाइल पुढे काढून वाकू नका. घोळका येतो तेव्हा आवाज आधी येतो, मग वारा, आणि पाचेक सेकंदांत संपतं. चढावर उभे राहिलात तर जास्त वेळ दिसतील, वेग कमी असतो.

तर माझा क्रम असा: मडग्वे पहिला, बुर्गोसचा कोणीतरी दुसरा, तेरेंगानू पहिल्या पाचात. प्रोलॉगला तेरेंगानू. भारतीयांपैकी कोणी एका टप्प्यात पहिल्या वीसात आलं तर मी ते यश मानेन. शर्यत सेकंदांची असल्याने एका पंक्चरने हा सगळा हिशोब उलटू शकतो. नववीच्या पोरांनी हा क्रम वहीत उतरवून घेतलाय, शनिवारी पहिल्या तासाला ते निकालाबरोबर ताडून बघणार आहेत.